यादीत दुसरा

दुधाच्या किटल्या लावलेली धाकट्याची सायकल वळणाआड गेली, तसा थोरला बांध ओलांडून त्याच्या शेतात शिरला आणि ठिबकचा व्हॉल्व्ह गच्च बंद करून परतला.

दोन महिने हे एकही खाडा न होता चाललं होतं. धाकटा सहाला पाणी सोडायचा, सातला डेअरीवर जायचा आणि नऊला परत येऊन ते बंद करायचा. तो यायच्या पाच मिनिटं आधी थोरला व्हॉल्व्ह पुन्हा उघडून ठेवायचा. स्वतःच्या कामात इतका नेमकेपणा त्याने जन्मात दाखवला नव्हता.

सरकारी योजनेत गावाला पहिल्या वर्षी ठिबकचा एकच संच मिळाला होता. सोडतीत धाकट्याचं नाव निघालं, आणि प्रतीक्षा यादीत पहिलं थोरल्याचं. चारचौघांत थोरल्याने टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन न जेवता झोपला. वडिलांच्या मागे या पोराला त्यानेच हाताला धरून वाढवलं. पण आईचं कौतुक, मास्तरांची शाबासकी, वाटणीतली काळी माती, सगळं कसं न मागता धाकट्याच्या पदरात. आता सरकारही त्यालाच फितूर. आपण जळतोय हे थोरल्याला कळत होतं, पण कळून काही थांबत नव्हतं.

आशा एकाच अटीवर होती. हंगामाच्या शेवटी खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. पीक उतरलं नाही, तर संच काढून यादीतल्या पुढच्याला द्यायचा. थोरल्याने ही अट साहेबांकडून दोनदा वदवून घेतली होती.

संच बसवताना साहेबांनी बजावलं होतं की टोमॅटोला रोज तासभर पाणी पुष्कळ झालं. ते जीपमध्ये बसेपर्यंत सगळ्यांनी हसू दाबलं. जितकं पाणी जास्त तितकं पीक जोमात, हे काय कुणी शिकवायला हवं? निदान या बाबतीत दोघा भावांचं एकमत होतं. धाकटा तीन तासांवर ठाम राहिला, आणि थोरला झाडं कधी माना टाकतात याची वाट बघत बसला.

झाडं माना टाकेनात. उलट फुलांनी लगडली. थोरल्याच्या शेतात मात्र पाटाचं पाणी साचून पानं पिवळी पडली, फळं तडकली. सरकारी नळ्यांतच काहीतरी करामत असणार, असं त्याने ठरवलं, आणि त्याला तो संच आणखीच हवासा झाला.

पहिला तोडा निघाला, तेव्हा धाकट्याची बायको टोपलीभर टोमॅटो घेऊन आली. "मोठे भाऊजी, पहिली टोपली तुमच्याकडेच द्यायची, असं यांनी बजावलंय," ती म्हणाली. जखमेवर मीठ चोळायची ही तऱ्हा त्याला बरोबर समजली. रात्री भाजी ताटात आली. ती चांगली झाली होती, त्याचाही त्याला राग आला.

तपासणीच्या दिवशी अर्धा गाव बांधावर जमला. साहेबांनी फळं हातात घेऊन पाहिली, मुळं उकरून पाहिली आणि मग संचावरचं मीटर वाचलं. धाकट्याची नोंदवही उघडताच मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वहीत रोज तीन तास लिहिलंय," ते म्हणाले. "मीटर जेमतेम तासाभराचं पाणी दाखवतंय. यातलं खरं काय?"

धाकट्याने मान वळवून थोरल्याकडे पाहिलं.

याला माहीत आहे, हे त्या एका नजरेत थोरल्याला कळून चुकलं. अर्ध्या गावासमोर अब्रूचे धिंडवडे निघणार होते.

"सांग ना," साहेब म्हणाले.

"वही माझी आहे साहेब, पाणी दादाचं," धाकटा म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात सायकल पंक्चर झाली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो, तेव्हा पाहिलं. माझं चुकतंय हे त्याने ओळखलं होतं. रोज येऊन बंद करायचा, आणि मला कमीपणा वाटू नये म्हणून मी यायच्या आत परत उघडून ठेवायचा."