पाचवं नाव

“पाचवं नाव काढा,” महिपतराव म्हणाले.

वकील दिनकररावांनी टाक खाली ठेवला. कंपू मोहल्ल्यातल्या त्यांच्या बैठकीत निकालाविरुद्धच्या निवडणूक अर्जाचा मसुदा पसरला होता. महिपतराव एकसष्ट मतांनी हरले होते. पडाव भागातल्या एका मतदान केंद्राचं दार पाचऐवजी चारलाच बंद झालं आणि रांगेतले लोक मत न देता परतले, अशी त्यांची तक्रार होती. निवडून आलेल्या दौलतसिंहांची निवड रद्द व्हावी, ही मागणी.

“नाही काढता येत, राव. ज्यांचा उमेदवारी अर्ज मंजूर झाला, ते सगळे प्रतिवादी. मागून माघार घेतली तरी. कायदाच तसा आहे.”

“रघुनाथराव लढलेच कुठं? माघार घेतली आणि हार तेवढे गळ्यात पाडून घेतले. तिकडं खासगी बाजार मोहल्ल्यात अजून त्यांच्याच त्यागाच्या गोष्टी. मी लढलो, हरलो. माझं कोण सांगतं?”

“हा हेवा झाला. तो कोर्टात चालत नाही.”

दिनकररावांना सगळं ठाऊक होतं. संस्थान होतं तेव्हा दसऱ्याच्या दरबारात चोपदार मानकऱ्यांची नावं क्रमानं पुकारायचा. आधी रघुनाथराव, लगेच महिपतराव. बावीस वर्षं. मुजऱ्याला उभं राहिलं की समोर रघुनाथरावांची पाठ. पुढे संस्थान मध्यभारतात विलीन झालं, दरबार उठला. ती पाठ मात्र महिपतरावांच्या डोळ्यांपुढून हलली नाही.

आता कोर्टात पुकारा होणार होता. पहिलं नाव अर्जदाराचं. त्या यादीत रघुनाथराव शेवटीसुद्धा नको होते.

“बरं, त्रयस्थ साक्षीदार मिळाला का?” दिनकररावांनी विचारलं. “दार बंद झालं असं सांगणारे सगळे तुमच्याच घरचे आणि गल्लीतले. त्यांचं कोण खरं धरणार?”

“मिळेल कोणीतरी. अख्खा जमाना पडलाय.”

महिपतरावांनी टाक उचलला आणि पाचव्या नावावर स्वतःच रेघ मारली. दिनकरराव नको नको म्हणत राहिले, पण अर्ज तसाच दाखल झाला.

सुनावणीच्या दिवशी चपराशानं दारात उभं राहून आरोळी दिली, “महिपतराव हाजिर हो!” स्वतःचं नाव इतकं गोड त्यांना कधी लागलं नव्हतं. मग दौलतसिंह. मग आणखी तिघं. चार प्रतिवादी झाले. चपराशानं यादीची घडी घातली.

मागच्या बाकावर रघुनाथराव बसले होते. डोक्याला जुनी दरबारी पगडी, हातात घडी घातलेला कागद. चौथं नाव झालं तसे ते अंगरखा सारखा करून उभे राहिले. उभेच राहिले.

“भैया, एक नाम रह गया,” ते चपराशाला म्हणाले. “रघुनाथराव. मेरा भी फॉर्म मंजूर हुआ था.”

कोणीतरी हसलं. दौलतसिंहांचे वकील हसले नाहीत. त्यांनी उमेदवारांची मूळ यादी मागवली.

अर्ध्या तासात सगळं आटोपलं. आवश्यक प्रतिवादी वगळलेला. नाव घालायची मुदत संपलेली. अर्ज फेटाळला.

व्हरांड्यात महिपतरावांनी रघुनाथरावांना गाठलं. “झालं समाधान? पुकारून घेतल्याशिवाय राहवलं नाही ना तुम्हाला? कोर्टातसुद्धा दरबार पाहिजे!”

रघुनाथराव गोंधळून पाहत राहिले. “मला वाटलं, कारकुनाच्या हातून राहिलं. समन्सही आलं नाही. तारीख पेपरात वाचली आणि आलो.”

“कशाला आलात?”

“नाव पुकारल्याशिवाय पुढे होऊन बोलायची आपली रीत नाही, महिपतराव. म्हणून पुकाऱ्याची वाट पाहत होतो.” त्यांनी हातातला कागद पुढे केला. “हे आत द्यायचं होतं. आता तुम्हीच ठेवा.”

ते जिना उतरू लागले. महिपतराव बराच वेळ त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. मग त्यांनी कागद उलगडला.

वर लिहिलं होतं, ‘प्रतिवादी क्रमांक पाच याचा जबाब’. खाली रघुनाथरावांच्या वळणदार अक्षरात दोनच ओळी होत्या:

‘अर्जदाराचे म्हणणे खरे आहे. दार चारला बंद झाले तेव्हा मी त्याच रांगेत उभा होतो, महिपतरावांना मत देण्यासाठी.’