राखलेला चौकोन

"हे झिमाच्याच शेळ्यांचं काम!" मी सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं. हल्ली मला चारचौघांत बोलायची भीतीच वाटत नाही.

डोंगरउतारावर शाळेनं तारेची जाळी लावून झुडपांचा एक चौकोन राखला होता. पावसाळाभर आत शेळ्या शिरल्या नाहीत, तर डोंगरावर किती हिरवं वाढतं ते मोजता येणार होतं. आणि आज जाळी वाकलेली, करवंदीचे नुसते खराटे उरलेले!

धनगरवाड्यावरची झिमा माझ्याच गटात होती. "हिला गटातून काढा, बाई," मी गटप्रमुखाच्या तोऱ्यात म्हटलं. झिमानं हातातली मोजपट्टी गुंडाळून बाईंना दिली.

तेवढ्यात मागच्या झुडपांत खसफसलं. माझा आवाज ओळखून एक शेळी बें बें करत धावत आली आणि थेट माझी ओढणी चघळायला लागली. तिच्या गळ्यात माझीच जुनी लाल रिबीन होती. मी तिला ढकललं. ती पुन्हा आली.

"आमची ओळख करून दे की," झिमा म्हणाली.

माझे कान तापले. "आमच्या घरची चांदणी," मी पुटपुटले.

"मोठ्यानं सांग," बाई म्हणाल्या. "मघासारखं."