तारखांची रांग

“समास कोरा आहे,” चर्चच्या कचेरीतली ओडेत म्हणाली आणि तिने बाप्तिस्म्याचं जाडजूड पुस्तक झुल्मिराकडे वळवलं.

झुल्मिराने चष्मा नाकावर नीट बसवला. सकाळपासून बरंच सापडलं होतं. आधी तिचा स्वतःचा बाप्तिस्मा. त्यात आईचं नाव, एस्कोलास्टिका पाशेको. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिला आपल्या आईचं नाव कळलं होतं. मग त्या आईच्या दफनाची नोंद: मृत्यू एकोणीस नोव्हेंबर, गिरणीत कामाला, वय सव्वीस. आणि आता हा भाऊ. बेलार्मिनो, तिच्याहून पाच वर्षांनी मोठा.

“कोरा म्हणजे काय गं?”

“माणसाचं लग्न कुठल्याही गावच्या चर्चमध्ये लागलं की तिथले फादर आम्हाला कळवतात. आम्ही ते इथे कडेला लिहून ठेवतो. त्यावरून पुढचा माग लागतो. तुमच्या भावाचं काही आलेलंच नाही. दफनाच्या पुस्तकातही तो नाही.” ओडेतने पुस्तक हळूच मिटलं. “लग्न इथे नाही, मरण इथे नाही. लहानपणीच गाव सोडून गेला असणार, मावशी. आता कुठे शोधणार?”

आई गेली तेव्हा झुल्मिरा पाळण्यात होती. गाईंचा गोठा असलेल्या एका जोडप्याने तिला कॅलिफोर्नियाला नेलं, पोटच्या पोरीसारखं वाढवलं आणि आयुष्यभर तोंडाला कुलूप लावलं. अगदी शेवटच्या आजारात त्या वाढवणाऱ्या आईने सांगितलं, फॉल रिव्हरला तुझा एक भाऊ होता. तोवर झुल्मिराचा नवरा गेला होता, मूलबाळ झालंच नव्हतं. या जगात आपलं म्हणायला एवढा एकच माणूस उरला होता, असला तर. त्याच्यासाठीच ती फॉल रिव्हरला आली होती आणि उद्या सकाळी तिचं परतीचं विमान होतं.

बाहेर ओसरीत एकच कालवा चालला होता. ओडेतने कपाळाला हात लावला. “चला, आता ती फौज अंगावर घ्यायची. पुढच्या वर्षीच्या मिस्सांचं पुस्तक आज उघडतं.”

आमच्या गावात जिवंत माणसांच्या वाढदिवसांवरून कोणी भांडत नाही. मेलेल्यांच्या तारखांवरून मात्र डोकी फुटायची बाकी राहतात. पूर्वी तीन फादर होते, मेलेल्यांच्या नावाने दिवसाला चार मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थना, व्हायच्या. आता एक फादर, एक मिस्सा आणि मिस्सेला एकच नाव. तेव्हा आपल्या माणसाची पुण्यतिथी मिळवायची तर उजाडायच्या आत घडीची खुर्ची नि कॉफीचा थर्मास घेऊन यायचं.

झुल्मिरालाही एकदम वाटलं, भाऊ नाही तर नाही, आईसाठी एक मिस्सा तरी ठेवू. बिचारीसाठी इतक्या वर्षांत कोणी मेणबत्तीसुद्धा लावली नसेल. ती आतल्या दाराने निघाली ती थेट ओसरीतल्या नोंदणीच्या टेबलापाशीच पोचली.

“ओ बाई! रांग तिकडून आहे!” पहिल्या नंबरावरचा म्हातारा काठी आपटत खेकसला. “आम्ही काय इथे माश्या मारायला बसलोय पहाटेपासून?”

“मला एकच तारीख हवीय हो. एकोणीस नोव्हेंबर.”

“बघा! तीनशे पासष्ट दिवस पडलेत आणि हिला नेमका माझाच हवा.”

“काका, मी फार लांबून आलेय. उद्या परत जायचंय. एका वर्षापुरती द्या ना.”

“पोपने मागितली तरी नाही देणार. वीस द्या म्हणतो, अठरा द्या म्हणतो. एकोणीस माझी.”

मागून एक जाडजूड बाई हसली. “नका नादी लागू त्याच्या. दरवर्षी पहिला नंबर याचाच. बायको असती तर बिचारी रांगेत उभी राहिली असती, हा घरी झोपला असता. पण याला पत्करणार कोण?”

“तू विचारलंस का कधी?” म्हातारा उलटून म्हणाला आणि सगळी रांग खिदळली.

झुल्मिरा बाजूला झाली. तिला रडूच यायला लागलं. इतक्या लांब येऊन आईचा एक दिवससुद्धा आपल्याला मिळू नये, याचं तिला फार वाईट वाटलं. म्हाताऱ्याने चोरून तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला, पण जागचा हलला नाही.

ओडेतने पुस्तक उघडून नोव्हेंबरचं पान काढलं. ती ईस्टरनंतरच कामाला लागली होती, तिला हे सगळं नवीन होतं. “बोला काका. एकोणीस तारीख. कोणासाठी लिहू?”

“माझ्या आईसाठी. एस्कोलास्टिका पाशेको.”

ओडेतने मान वर केली. तिने झुल्मिराकडे पाहिलं. झुल्मिराने टेबलाची कड धरली होती.

“लिही ना, पोरी. पेनातली शाई संपली काय?”

ओडेतने सावकाश नाव लिहिलं. पुढच्या रकान्याशी तिचा हात थांबला. “आणि... कोणाकडून?”

“मुलाकडून. अजून कोण आहे तिला?”

झुल्मिरा पुढे आली आणि तिने काठीवरच्या त्या सुरकुतलेल्या हातावर आपला हात ठेवला.

“ओडेत, मुलाकडून आणि मुलीकडून, असं लिही.”