वजन किती?

"हे धनुष्य तुमीच लावून दिलंय न्हवं?"

पूजानं धनुष्य काउंटरवर ठेवून कृष्णातला विचारलं. सांगलीतल्या त्या भल्यामोठ्या खेळांच्या दुकानात तिरंदाजीचा विभाग त्याच्या गळ्यात पडून चारच महिने झाले होते. त्याआधी तो व्यायामाच्या डंबेल्सपाशी उभा असायचा. शिक्षण काय, तर चार दिवस मोबाइलवर व्हिडिओ दाखवले आणि झाला हा तंत्रज्ञ.

"मीच. काय झालं?"

"ओढायला लय जड हाय. चार बाण मारले की खांदा भरून येतोय. किती पौंडाला लावलंय?"

त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं. "एक्केचाळीस."

"कुणी सांगितलं एक्केचाळीस?"

कृष्णातला तो फोन आठवला. पोरीच्या वडलांनी घरबसल्या मागवलेलं धनुष्य. फॉर्मवर धनुष्याच्या वजनाचा, म्हणजे ते ओढायला लागणाऱ्या जोराचा रकाना होता म्हणून यानं विचारलं, "वजन किती?" तिकडून उत्तर आलं, "एक्केचाळीस." आता या कुस्तीच्या मुलखात वजन विचारलं की माणूस अंगाचंच सांगणार. बापानं लेकीचे किलो सांगितले आणि या शहाण्यानं तेवढे पौंड धनुष्याला लावले.

त्याचे कान तापले. समोरची पोरगी तर चांगली थोराड होती, एक्केचाळीस किलोची कुठनं असणार? पण बापाला लेकीचं वजन नेमकं कुठं ठाऊक असतंय, असं म्हणून त्यानं तो विषय सोडला.

"माझीच चूक हाय ताई, खोटं कशाला बोलू? सोमवारी कंपनीचा माणूस येतोय, त्याच्याकडनं..."

"रविवारी साताऱ्यात निवड हाय. जागा एकच. एक तर मी, न्हाईतर माधवनगरची दीपाली. आजच पायजे, माझ्यासमोर."

"मग हात पसरा, माप घेतो."

"माप लिहून आणलंय." तिनं चिठ्ठी सरकवली. तीस पौंड, ओढ पंचवीस इंच.

त्यानं पाना घेतला आणि ताण कमी-जास्त करायचा वरचा बोल्ट सोडायला लागला. पूजानं त्याचं मनगट धरलं.

"आवं दादा, दोन्हीकडचे सारखे सोडा. एक फेरा वरचा, एक खालचा."

त्यानं तसं केलं. वजनकाट्याला दोरी अडकवून ओढली, तर छत्तीस. दोरी तशीच सोडून देणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बाणाशिवाय मोकळी सोडू नका, मोडंल."

जेवणाची सुट्टी झाली. कृष्णात हलला नाही. आज हे काम नीट केल्याशिवाय उठायचंच नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. पूजाही स्टूल ओढून समोरच बसली. बत्तीस. मग एकोणतीस. पुन्हा आवळलं.

"ती दीपाली लय भारी हाय का?" त्यानं विचारलं.

"गेल्या साली तिनं मला पार धुतलं. ह्या महिन्यात मी दोनदा हरवलं तिला."

"मग झालं की."

"काय झालं? जिंकून घरी गेले तर घास उतरंना."

असतात अशी माणसं, कृष्णातला वाटलं, जिंकूनही समाधान नाही. पण असल्या जड धनुष्यानं दोनदा जिंकली, तर आता त्या दीपालीचं काही खरं नव्हतं.

चार वाजता काट्यावर नेमके तीस आले. पूजानं स्वतः तीनदा ओढून आकडा बघितला. दोन्ही बोल्ट तपासले, ओढीची लांबी पट्टीनं मोजली. मगच मान हलवली.

"आता रविवार तुमचाच," कृष्णात म्हणाला. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याला आपल्या कामाचा आनंद झाला होता.

"बघू की," म्हणत तिनं धनुष्य पिशवीत घातलं, मोबाइल काढला आणि कानाला लावला.

"दीपाली, झालं गं तुझं धनुष्य. दोन दिवस हात बसव, आणि मग ये रविवारी."