हिरवी खूण

अभिलेखागारातल्या नोकरीची सवय त्याने घरीही पाळली. जपून ठेवलेली प्रत वाजवून बघायची नाही, ती शाबूत असल्याचा रोजचा पुरावा तेवढा तपासायचा. आजारी बायकोचं बोलणं त्याने नव्या माइकवर चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं, हरवू नये म्हणून फाइलचे तुकडे करून जगभरातल्या अनोळखी संगणकांवर ठेवले. ती गेली. रोज सकाळी चहासोबत फोनवर हिरवी खूण यायची, सगळे तुकडे जागच्या जागी असल्याची. तेवढ्यावर त्याने सहा वर्षं ढकलली. एका दुपारी लेक म्हणाली, "बाबा, आईचा आवाज ऐकायचाय." त्याने तुकडे परत मागवले, जोडले, वाजवले. खरखरसुद्धा ऐकू येईना. त्याने खणातून माइक काढला. बटणावरचं कंपनीचं प्लॅस्टिक तसंच होतं. सुरू करायचाच राहिला होता. "फाइल पुसून टाकू?" लेकीने विचारलं. "नको. चाळीस मिनिटं बोलत होती ती." सकाळी चहासोबत हिरवी खूण आली. एकही तुकडा हरवला नव्हता.