म्हसोबाचं कार्ड

माण गावातल्या एका आयटी कंपनीच्या आवारात, पार्किंगच्या मागे, तुकाबाईच्या घराण्याचा म्हसोबा आहे. जमीन देताना तिच्या सासऱ्यांनी एकच अट घातली होती, रोजचा दिवा चुकवायचा नाही. त्यासाठी कंपनीने तिला गेटचं कार्ड दिलं होतं. यंदा गेटवर नवी मशिनं बसली आणि ते कार्ड चालेना.

"मावशी, तुमचं कार्ड जुन्या स्टँडर्डचं, मशीन नव्या स्टँडर्डचं. म्हणून ती दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत," कौस्तुभने समजावलं. कार्डांचं सगळं काम त्याच्याकडे.

"एका दारात राहून अबोला? मंग जावा-जावा हायेत म्हना की! पर माज्या दिव्याचं काय?"

सिस्टिमला माणसांचे तीनच प्रकार ठाऊक होते: कर्मचारी, ठेकेदार आणि पाहुणा. पाहुण्याने आत कोणाला भेटायचंय ते लिहायचं, आणि ज्याला भेटायचं तो कर्मचारीच असायला हवा. कौस्तुभ हुशार. त्याने म्हसोबाला कर्मचारी केलं, त्याच्या नावाचं नवं कार्ड काढून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि तुकाबाईला म्हसोबाची रोजची पाहुणी करून टाकलं. तीस दिवस दिवा बिनबोभाट लागला.



एकतिसाव्या दिवशी वॉचमनने स्क्रीनवरचं वाचून, हातात तेलाची बाटली घेऊन उभ्या असलेल्या तुकाबाईला सांगितलं, "मावशी, म्हसोबाला कामावरून काढलंय. महिनाभरात एकदाही गेटवर कार्ड टेकवलं नाही त्यानं."