गोठ्यावरची खोली

खाट दारात अडकली होती. पुढून भाचा ओढत होता, मागून त्याची बायको, घरची सून, ढकलत होती आणि मधल्या फटीतून आत्याबाई बोलत होत्या.

"अरे, राहू दे रे बाळा. माझं काय, मी कुठेही पडेन. पुढची खोली तुम्हा तरण्याताठ्यांनाच हवी."

"आत्या, आता एक शब्द बोलायचा नाही," सून म्हणाली. "थंडी तोंडावर आली. या थंडीत तरी तुम्ही चांगल्या खोलीत झोपायचं. आम्ही झोपू इथे."

वरच्या मजल्यावर खोल्या दोनच. पुढची मोठी, दोन खिडक्यांची, नुकती रंगवलेली. मागची गोठ्याच्या बरोब्बर वर. तिची जमीन फळ्यांची, आणि फळ्यांखाली दोन गाई, एक वासरू, चार-पाच शेळ्या आणि म्हातारी घोडी. गाईने शिंग खांबाला घासलं की वर खाट थरथरायची. वासाबद्दल तर बोलायलाच नको. नवरा गेल्यावर आत्याबाई माहेरी परत आल्या, त्या दिवसापासून याच खोलीत राहत होत्या आणि त्याबद्दल त्यांची काडीची तक्रार नव्हती. तक्रार नाही, हे त्या आल्यागेल्या प्रत्येकाला आवर्जून सांगत. गावात त्यांना देवमाणूस म्हणत.

सासूबाई गेल्या आणि घर सुनेच्या हाती आलं. त्याबरोबर लोकांची बोलणीही आली. परवा दूध घालायला गेली, तर शेजारीण सगळ्यांदेखत म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला जनावरांच्या डोक्यावर झोपवता होय गं?" सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मनाने खरंच भली होती. आपल्या घरात आपल्यापायी कुणी हाल काढावेत, हे तिला सहन होत नव्हतं.

आज सकाळी कुंपणावर दव गोठलेलं दिसलं. गवत भरून झालंच होतं. जनावरं आवारातून आत घेतली, गोठ्याच्या फटींत पेंढा कोंबला आणि दार घट्ट ओढून घेतलं. या घरात हिवाळा असा सुरू होई. सुनेने त्याच झपाट्यात खाटेला हात घातला.

आत्याबाईंनी सगळे उपाय करून पाहिले. पुढच्या खोलीतला उजेड डोळ्यांना सोसत नाही. खाली गाय हंबरल्याशिवाय झोप लागत नाही. नवा रंग डोक्यात जातो. पण त्या जितकं बोलत, तितकी सून विरघळे. "किती करता हो दुसऱ्यासाठी!" असं म्हणून ती आणखी जोर लावी. शेवटी खाट सुटली. भाचा ती फरफटत घेऊन गेला. आत्याबाई उशी उराशी धरून मागोमाग गेल्या. चेहरा असा, की कुणाला वाटावं म्हातारीला घराबाहेर काढताहेत.

सून झाडायला मागे राहिली. खाटेखाली जळमटं होती. मोजे खराब होतील म्हणून तिने ते काढले, अनवाणी पाऊल पुढे टाकलं आणि थबकली.

फळी उबदार होती.

ऊन लागलं असेल, असं तिला वाटलं. पण ऊन येणार कुठून? खोलीला खिडकी हातभर. तिने दुसऱ्या फळीवर पाय ठेवला. तीही तशीच. खाली गाय संथपणे रवंथ करत होती. घोडीने फुर्र केलं आणि फटींमधून ऊब वर आली. सुनेने हात टेकले, मग गुडघे. मग कुणी बघत नाही ना, ते पाहून ती सरळ आडवी झाली. पुढच्या खोलीत कालपासून तिच्या पायांची बोटं बधिर होती, ती हळूहळू जागी झाली. वास होता, नाही असं नाही. पण एवढी ऊब मिळत असेल तर वास कोण मनावर घेतंय!

तिने डोळे उघडले. दारात आत्याबाई उभ्या होत्या.

आत्याबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. खोली तर गेलीच होती, आता नावही जाणार होतं. सुनेने तोंड उघडायचा अवकाश, उद्या दूध घालायला आलेला सगळा गाव हसला असता. देवमाणूस म्हणे! सुनेला हसू आलंच, पोट धरून हसावं असं. तेवढ्यात तिला म्हातारीचे पाय दिसले. पुढच्या खोलीत जाऊन येईतोवर त्यांची बोटं निळसर पडली होती. सुनेचं हसू ओठांवरच राहिलं आणि तिला त्या लबाड म्हातारीची फार माया आली.

ती उठली, अंगाला लागलेला कचरा झटकला आणि पुढच्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "अहो! खाट परत आणा! मला नाही जमायचं इथे. केवढा हा वास! आत्या कशा राहतात, त्यांचं त्यांनाच ठाऊक!"

"आत्ता कुठे लावली होती गं!" पुढून भाचा करवादला. खाट पुन्हा फरफटू लागली. उद्या गावभर होणार, की आत्याने जन्मभर सोसलं ते हिला एक दिवस सोसवलं नाही. होऊ दे, सुनेने मनाशी म्हटलं.

आत्याबाई आत आल्या. उशी फळ्यांवर टाकून तिच्यावर टेकल्या. मग सुनेला जवळ ओढून तिच्या कानाशी लागल्या.

"दुपारची कामं उरकली की येत जा. आणि कडी लावायला विसरू नकोस. तुझी सासू वासाच्या नावाने अशीच सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायची, आणि मग आत येऊन कडी लावायची."